‘चांगला टायर’ म्हणजे कोणता?

(मंद्रूप येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस टायरवर बोलणार, म्हटल्यावर निम्मी मंडळी गंमत बघायला आली असणार. येऊ द्या. त्यातही विषय हिवाळ्याच्या टायरचा. आपल्या मंद्रूपात हिवाळा म्हणजे काय, तर पहाटे स्वेटर आणि दहा वाजता बनियन. बर्फ आपण बघतो तो रसवंतीवर. मग हे खूळ डोक्यात आलं कुठून, ते आधी सांगतो.

माझा एक पुतण्या नोकरीसाठी जर्मनीत, म्युनिकला गेला. तिथं जुनी गाडी घेतली. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, इथं थंडीचे टायर वेगळे घ्यावे लागतात. चार टायरचा खर्च ऐकून डोळे पांढरे झाले. आपल्याकडं स्वस्त असतील ना? अपोलो, सिएट आपलेच की. कुणी येणारं असेल तर दोन-दोन करून पाठवता येतील का?" मी म्हटलं, चौकशी करतो. सोलापुरात तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "सर, थंडीचा टायर म्हणजे?" दुसऱ्यानं चहा पाजला. तिसरा मात्र जाणकार निघाला. तो म्हणाला, "सर, आपल्या कंपन्या बनवतात, पण ते तिकडंच विकतात. तुमच्या पुतण्याला म्हणावं, तिथंच कोपऱ्यावर मिळेल."

घरी येताना एकच प्रश्न डोक्यात राहिला. वस्तू आपल्या कंपनीची, नाव आपल्या ओळखीचं, आणि ती म्युनिकला मिळते, सोलापूरला मिळत नाही. असं का? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला: त्यातला चांगला कोणता? आज या दोन प्रश्नांबद्दल बोलायचं आहे. आणि शेवटी एक माझी स्वतःची चूक सांगणार आहे. खरं म्हणजे ती सांगायलाच आलो आहे.

आधी हा हिवाळी टायर असतो काय, ते बघू.

गूळ सगळ्यांनी बघितलाय. जानेवारीत ढेप फोडायची तर बत्ता लागतो. तीच ढेप मे महिन्यात पाघळते, कागदाला चिकटते. गूळ तोच, तापमान वेगळं. रबराचंही तसंच आहे. रबर लवचिक असतं तोवर ते रस्त्यावरच्या बारीक खडबडीत दाबून बसतं, रस्ता धरून ठेवतं. थंडी वाढली की ते ताठर होत जातं आणि फार थंडीत काचेसारखं कडक होतं. कोणतं रबर किती अंशाला ताठरेल, हे त्याच्या मिश्रणावर ठरतं: नैसर्गिक रबर किती, कृत्रिम किती, सिलिका किती, तेल किती. नेहमीचा, म्हणजे युरोपात ज्याला उन्हाळी टायर म्हणतात तो, साधारण सात अंशांच्या खाली आपला गुण सोडायला लागतो. सात हा काही जादूचा आकडा नाही, व्यवहाराचा आडाखा आहे. हिवाळी टायरचं मिश्रण असं केलेलं असतं की ते शून्याखालीसुद्धा मऊ राहावं.

दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, मिटतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ भरून राहतो, आणि तो भरलेला बर्फ खालच्या बर्फाला चिकटतो. लहान मुलं बर्फाचा गोळा दाबून दाबून करतात ना, तसं.

याचा उपयोग किती? थोडं गणित करू. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि ब्रेक लावला. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ धरला, तर गाडी १२ मीटरवर थांबते. दाबलेल्या बर्फावर तो ०.२५ धरला, तर अंतर जवळजवळ ४० मीटर होतं. गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर तो ०.१ पर्यंत खाली येतो, तेव्हा १०० मीटर लागतात. बारा मीटर म्हणजे या मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शंभर मीटर म्हणजे पार रस्त्याच्या पलीकडं. हिवाळी टायर हा गुणांक थोडा वर उचलतो, एवढंच त्याचं काम. चमत्कार करत नाही. पण ०.१ चा ०.१५ झाला तरी तीसेक मीटर वाचतात, आणि त्या तीस मीटरमध्ये एखादं शाळेचं पोर असू शकतं.

आता बाजार बघू. मंडळी, ‘हिवाळी टायर’ असा एक टायर नसतोच. तिथं तीन तऱ्हा आहेत.

एक, मध्य युरोपचा. जर्मनी, ऑस्ट्रिया इथं थंडीत रोज बर्फ नसतो. गार पाऊस, चिखल, मधूनच बर्फ, आणि महामार्गावर भन्नाट वेग. तिथला टायर त्यातल्या त्यात कडक असतो, पाणी कापणारा असतो. कॉन्टिनेन्टल, मिशेलिन, गुडइयर, पिरेली, हँकूक या सगळ्यांचे तिथं वेगळे हिवाळी टायर आहेत.

दोन, उत्तरेकडचा. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे. तिथं महिनोन्महिने रस्ता गोठलेला. तिथला टायर जास्त मऊ, किंवा मग त्यात धातूचे बारीक खिळे ठोकलेले. या प्रांतात मानाचं नाव नोकियन. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नोकियाचा फोन वापरला असेल. हे त्याच घरातलं भावंड. फिनलंडमधल्या नोकिया गावाच्या रबर कारखान्याचा हा वारसा, १९८८ पासून वेगळी कंपनी. १९३४ साली त्यांनी ट्रकसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ साली मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’. ते नाव आजही चालू आहे. शेजारच्या गरजेतून वस्तू कशी जन्मते बघा. ज्यांच्या दारात बर्फ, त्यांनीच तो टायर आधी केला.

तीन, जपानचा. याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. उत्तर जपानात लोक खिळ्यांचे टायर वापरत. बर्फ असेपर्यंत ठीक. पण बर्फ वितळला की तेच खिळे डांबर खरवडत. सेंदाई, सापोरो या शहरांत वसंत ऋतूत काळी धूळ हवेत उडे, लोक तोंडाला फडकी बांधून हिंडत. नागरिकांनी आवाज उठवला आणि १९९० साली खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा झाला. मग बिनखिळ्यांचा, पण गोठलेल्या रस्त्यावर टिकणारा टायर करणं कंपन्यांना भागच पडलं. ब्रिजस्टोननं १९८८ मध्ये ‘ब्लिझॅक’ आणला होता. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रं असतात. गोठलेल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतो, तो ती छिद्रं शोषून घेतात. योकोहामाचा ‘आइसगार्ड’ त्याच बाजारातला. जर्मनीत तर खिळ्यांचे टायर १९७५ पासूनच बंद आहेत. म्हणजे एकच वस्तू हेलसिंकीत राजरोस विकली जाते आणि म्युनिकात बेकायदा ठरते.

आता कुणी विचारलं, नोकियन चांगला का ब्लिझॅक चांगला का कॉन्टिनेन्टल? तर हा प्रश्न अर्धाच आहे. कुठं राहता, ते सांगा आधी.

इथं मला माझ्या विषयाचा थोडा आधार घेऊ द्या. १९५६ साली पीटर गीच नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं एक छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं. ‘लाल गाडी’ म्हटलं, तर वस्तू लाल आहे आणि ती गाडी आहे, ही दोन वाक्यं वेगळी करता येतात. पण ‘मोठा उंदीर’ म्हटलं, तर तो उंदीर आहे आणि तो मोठा आहे, असं वेगळं करता येत नाही. उंदरांमध्ये मोठा, एवढंच. मांजराशेजारी उभा केला तर लहानच. ‘चांगला’ हा शब्द ‘मोठा’च्या जातीचा आहे, ‘लाल’च्या नाही. नुसतं चांगलं असं काही नसतं. चांगला बैल, चांगला शिक्षक, चांगला टायर. नाम लागल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. आणि मी म्हणतो, नामसुद्धा पुरत नाही. नांगराला चांगला बैल शर्यतीला चांगला असेलच असं नाही, हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्या जैन आचार्यांनी हीच गोष्ट फार आधी आणि फार नेटकेपणानं मांडली. प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ लावा, म्हणजे ‘एका अपेक्षेनं’. लोक समजतात स्याद्वाद म्हणजे ‘कदाचित असेल, कदाचित नसेल’ अशी टोलवाटोलवी. तसं नाही. अपेक्षा कोणती ते सांगा, म्हणजे विधान पक्कं होतं. ‘हा टायर गोठलेल्या रस्त्यावर, शून्याखाली, ताशी साठच्या वेगाला चांगला’: हे झालं पक्कं विधान. ‘हा टायर एक नंबर’: ही झाली जाहिरात.

जर्मनीतला आडाक नावाचा मोटारवाल्यांचा क्लब दरवर्षी टायरच्या चाचण्या घेतो. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, गोठलेलं पाणी, झीज, इंधन, असे वेगळे वेगळे रकाने. सगळ्या रकान्यांत पहिला येणारा टायर सापडणं फार कठीण, कारण गुण एकमेकांच्या आड येतात. मऊ केला तर बर्फावर धरतो, पण कोरड्यावर लवकर झिजतो. खोल नक्षी केली तर बर्फ कापतो, पण आवाज वाढतो. एका बाजूला ओढलं की दुसरीकडं उघडं पडतं. तेव्हा पुतण्याला मी सांगितलं, एकूण गुण बघू नको. तू ज्या रस्त्यानं रोज जातोस तो रकाना बघ.

खूण कशी ओळखायची, हेही सांगतो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी अशी खूण असते. ती खूण म्हणजे टायरनं बर्फावरची ठरलेली चाचणी पार केली आहे. पूर्वी नुसतं ‘एम + एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं असे. ते कंपनीनं स्वतः लिहायचं, चाचणीची सक्ती नाही. जर्मनीनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम + एस’ हिवाळी टायर म्हणून धरणं बंद केलं. आता डोंगर-चांदणी पाहिजेच. म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानं तपासून दिलेलं प्रमाणपत्र यांतला फरक तिथं कायद्यानं मान्य केला. आपल्याकडंही अनेक बाबतींत तो व्हायला हरकत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडं वळतो. वस्तू एका बाजारात मिळते, दुसऱ्यात नाही, ती का?

पहिलं कारण हवामान, हे उघड आहे. पण तेवढंच असतं, तर लेह, मनाली, काश्मीरमध्ये हे टायर ढिगानं मिळायला हवेत. तिथं बर्फ काही कमी नाही. तरी तिथं बहुतेक ड्रायव्हर चाकाला लोखंडी साखळ्या बांधतात. साखळी स्वस्त, काढता-घालता येते, आणि खाली मैदानात उतरलं की डिकीत टाकता येते. हिवाळी टायरसाठी दोन जोड पाहिजेत, दुसरा जोड ठेवायला जागा पाहिजे, आणि वर्षातून दोनदा बदलायची मजुरी. म्हणजे गरज असून भागत नाही, खिशात पैसे आणि घरात जागा लागते.

दुसरं कारण कायदा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायरची सक्ती आहे. आता १ डिसेंबर ते १५ मार्च. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर. जर्मनीत तारीख नाही. रस्त्यावर बर्फ असेल तर टायर तसा पाहिजे. लोक मात्र ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा आडाखा धरतात, आपण मृग-आर्द्रा धरतो तसा. आमच्या ओळखीतलं अक्कलकोटकडचं एक कुटुंब मॉन्ट्रियलला असतं. त्यांच्याकडं टायर बदलायचा दिवस हा सणासारखा ठरलेला. सक्ती आली की मागणी ठरलेली, मागणी ठरली की माल आला, माल आला की स्पर्धा, आणि मग किंमतही आवाक्यात. बाजार आपोआप उगवत नाही, बांध घालावा लागतो.

तिसरं कारण देशांची धोरणं. आपल्या सरकारनं जून २०२० मध्ये मोटारी, बस, ट्रक, दुचाकी यांच्या नव्या टायरची आयात परवान्याच्या कक्षेत आणली. त्याआधीपासून टायरला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. देशी उद्योगाला त्यानं बळ मिळालं, हे खरं. पण ज्याचा खप वर्षाला मूठभर, असला टायर परवाने काढून, शिक्का घेऊन आणायला कोण बसणार?

चौथं कारण सगळ्यात गमतीचं. नाव आणि वस्तू यांची फारकत. अपोलो आपली कंपनी. तिनं २००९ मध्ये नेदरलँडची ‘व्रेडेस्टाइन’ घेतली आणि पुढं हंगेरीत कारखाना काढला. ‘व्रेडेस्टाइन विंट्रॅक’ हा हिवाळी टायर युरोपात नावाजलेला. मालक भारतीय, टायर भारतात मिळत नाही. सिएटची गोष्ट उलटी. ती मुळात इटलीतल्या तुरीन शहरातली कंपनी, १९२४ ची. भारतात आली १९५८ ला. १९८२ मध्ये गोयंका समूहाकडं गेली. पुढं नावाचे जागतिक हक्कही इकडं आले. आज भांडुप-नाशिकचं म्हणून आपण जे नाव ओळखतो, त्याच नावाचे ‘विंटरड्राइव्ह’ टायर युरोपात विकले जातात. आणि डनलॉप? ते नाव तर जगभर वाटलं गेलं. युरोपात ते बरीच वर्षं गुडइयरच्या हातात होतं, जपानात सुमितोमोच्या, आणि आपल्याकडं हुगळीकाठच्या साहागंजचा जुना डनलॉप कारखाना बंद पडलेला. तीन बाजारांत एक नाव, पण बरीच वर्षं घरं तीन होती. तेव्हा "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अमुकच कंपनीचा घेतो" असं म्हणणाऱ्यानं त्या नावामागं आज कोण उभं आहे, हे एकदा बघावं.

मंडळी, आता बर्फातून आपल्या रानात येऊ.

आपला हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. युरोपात थंडी आली की टायर बदलतात, आपल्याकडं थंडी आली की कारखान्याचं धुराडं पेटतं. म्हणून आपलेही ‘हिवाळी टायर’ आहेतच. ऊसतोडीच्या टोळ्यांना आपण नावंच तशी दिली आहेत: डोकी सेंटर, गाडी सेंटर, टायर सेंटर. टायर सेंटर म्हणजे टायरच्या बैलगाडीवाले. लाकडी चाकाला लोखंडी धाव होती तेव्हा गाडी चिखलात रुतायची, बैलाच्या मानेला ओझं. हवेच्या टायरनं ती ओढ हलकी झाली, तशी माणसानं गाडीत मोळ्याही वाढवल्या. बैलाचा फायदा किती झाला, ते बैलालाच ठाऊक.

मग ट्रॅक्टर. मागच्या चाकाचे ते उंच तिरके गुंडे मातीत रुतून ओढण्यासाठी असतात. हंगामात तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून दिवसरात्र डांबरावर पळतो. मातीसाठी चांगला असलेला टायर डांबरावर भराभर झिजतो, कारण सगळा भार त्या गुंड्यांच्या टोकांवर येतो. आणि ट्रॉलीला काय असतं? बऱ्याचदा ट्रकचे उतरलेले टायर, रबर चढवून घेतलेले. रबर चढवणं यात वाईट काही नाही. सांगाडा शाबूत असेल आणि काम नीट केलं असेल तर तो टायर चांगला चालतो. विमानांच्या टायरनासुद्धा रबर चढवतात. पण सांगाडा कुणी तपासला? ट्रॉलीत माल किती? हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

आणि आपला खरा वैरी थंडी नाही, ऊन आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४४ ला जातो, डांबर त्याहून कितीतरी तापतं. टायर फुटतो तो नुसत्या उन्हानं नव्हे, हे लक्षात घ्या. लोक म्हणतात, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर फुटेल. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार वाकवून वाकवून तोडताना ती गरम लागते ना? तसंच. मिनिटाला शेकडो वेळा वाकणं, त्यातून उष्णता, वरून ऊन, वरून वजन, वरून वेग. रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडतात आणि टायर जातो. तेव्हा कंपनीनं दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर जेवढी हवा लिहिली आहे तेवढीच ठेवायची, आणि ती सकाळी, टायर गार असताना मोजायची. दर दहा अंशांना साधारण दीड ते दोन पीएसआयचा फरक पडतो. दुपारी मोजून हवा सोडली, की पहाटे ती कमीच भरणार.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला. सरळसोट सिमेंटचा रस्ता, ताशी १२०. पुढं तिथं अपघात वाढले, तेव्हा गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत झालेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवायची वेळ आली. गावात वर्षानुवर्षं चाललेला टायर तिथं चालला नाही. टायर तोच होता, अपेक्षा बदलली होती. ‘स्यात्’ विसरलं की असं होतं.

आता माझी चूक.

बरीच वर्षं झाली. माझी एक जुनी छोटी गाडी होती. टायर संपले होते. मोठ्या शहरात एका जुन्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही, चूक माझी. त्यानं चार टायर दाखवले. नक्षी खोल, रबर मऊ, वर नामांकित परदेशी नाव. म्हणाला, "इम्पोर्टेड माल आहे, सर. फॉरेनला लोक लवकर काढून टाकतात." बाजूवर डोंगर आणि चांदणी होती. मला वाटलं, कंपनीचं चित्र असेल. शोभेला. निम्म्या किमतीत घेतले आणि घरी आल्यावर चार लोकांना दाखवले.

ते मे महिन्यात गेले. सोलापूरहून मंद्रूपला येत होतो. दुपारचे दोन. गाडीत आमच्या सौ. आणि सहा वर्षांची नात. डाव्या बाजूचा मागचा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून खाली गेली, बाभळीच्या बुंध्यापासून हातभर अलीकडं थांबली. कुणाला खरचटलंही नाही. नातीनं विचारलं, "आजोबा, फुगा कुणी फोडला?" मला उत्तर देता आलं नाही.

विजापूर रोडच्या पंक्चरवाल्यानं टायर उलटा करून बघितला. शाळा चौथी झाली असेल त्याची. त्यानं बोटानं चार आकडे दाखवले आणि विचारलं, "सर, हे वाचलं न्हवं का?" वाचले नव्हते. दर टायरवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझा टायर नऊ वर्षांचा निघाला. नक्षी भरपूर होती, कारण वापरच कमी झाला होता. पण रबर वयानं मेलेलं, भिंतीला केसासारख्या चिरा. आणि तो होता बर्फाचा टायर. थंड देशासाठी मुद्दाम मऊ केलेलं रबर मी चव्वेचाळीस अंशांत, भरल्या गाडीनं पळवत होतो.

मला चांगलं आठवतं, त्या वर्षभरात मी ‘खूण आणि अर्थ’ यावर दोन निबंध वाचले होते. खूण गाडीच्या चाकावर होती, मी ती चित्र समजलो. जो टायर म्युनिकला माझ्या पुतण्याचा जीव वाचवेल, तोच मंद्रूपच्या रस्त्यावर माझ्या नातीच्या जिवावर उठला होता. टायरचा दोष नव्हता. त्याला जिथं काम होतं, तिथून मी त्याला उचलून आणलं होतं, आणि कारण एवढंच की नाव मोठं आणि किंमत कमी.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. गाडीपाशी बसा आणि टायर वाचा. समजा लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार. एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. मग ते चार आकडे बघा. मग नक्षीची खोली. आपल्या कायद्यानं मोटारीला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ पाहिजे. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आणि शेवटी, एकदम शेवटी, कंपनीचं नाव वाचा.

काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, मग देशी टायर घ्यावा का परदेशी?

उत्तर : मी सांगू का, ही विभागणीच आता फसवी आहे. ब्रिजस्टोन चाकणला बनतो, गुडइयर वाळूजला. आपल्या बीकेटीचे शेतीचे टायर युरोपातल्या रानात फिरतात. इथल्या उन्हासाठी आणि इथल्या वजनासाठी जो बनला आहे, अलीकडच्या तारखेचा आहे, पावतीसह मिळतो, तो घ्या.

प्रश्न : माझा मुलगा पुढच्या महिन्यात स्वीडनला चाललाय. त्याला काय सांगू?

उत्तर : तिकडं गाडी घेतली तर टायर तिकडंच घे म्हणावं, आणि दुकानदाराला विचारण्याआधी शेजाऱ्याला विचार. तिथं कायद्यानं हिवाळी टायरची नक्षी तीन मिलिमीटर लागते, आपल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. बर्फातला पहिला ब्रेक मोकळ्या मैदानात मारून बघ, रस्त्यावर नको. आणि मार्च-एप्रिल उलटला की ते टायर काढून ठेव. काटकसर म्हणून उन्हाळ्यात पळवू नकोस. त्याच्या वडिलांच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं ती काटकसर करून बघितली आहे, असं सांगा.

प्रश्न : नातीला नंतर काय उत्तर दिलंत?

उत्तर : ती आता कॉलेजात आहे. परवा तिनंच माझ्या नव्या टायरवरची तारीख वाचून दाखवली. म्हणाली, "आजोबा, ताजा आहे." बसा म्हटलं, निघू.